व्हाइस-चॅन्सेलर काशिनाथ त्र्यंबक तेलंग

मुंबई विश्वविद्यालय इ. स. १८५७ च्या कायद्यानें स्थापन झालें. त्या काळीं तें स्वतः शिकवीत नसे. परीक्षा घेऊन पदव्या देणें हेंच त्याचें मुख्य कार्य होतें. मुंबईचे गव्हर्नर हे पदसिद्ध चॅन्सेलर असत, आणि व्हाइस-चॅन्सेलराची नेमणूक दोन वर्षांकरितां होई. हें दुसरें पद सुमारें पस्तीस वर्षें युरोपीय गृहस्थांकडेच राहिलें. इ. स. १८९२ मध्यें तें प्रथमच एका हिंदी विद्वानाकडे आलें. ते न्यायमूर्ति काशिनाथ त्र्यंबक तेलंग होत.

हा मान त्यांस कोणत्या योग्यतेनें मिळाला, हें पाहाणें आम्हांस उचित वाटतें. तेलंगांचा जन्म ऑगस्ट १८५० मध्यें मुंबईस झाला. रामायणावर होमरच्या काव्याची छाया आहे, असें जर्मन पंडित वेबर यांनीं प्रतिपादिलें, तेव्हां त्याचें खंडन तेलंगांनीं १८७३ सालीं, म्हणजे ऐन तारुण्यांत केलें. भगवद्गीता ख्रिस्ती ग्रंथांची ऋणी आहे, हा लोरिन्सर यांचा तर्कही त्यांनीं खोडून काढिला. १८८२ सालीं मॅक्समुल्लर यांच्या ग्रंथमालेंत त्यांचें गीतेचें इंग्रजी भाषांतर निघालें. ह्या सर्व वादांत त्यांचें शस्त्र अभिमान नव्हे, तर प्रमाण हें होतें. १८८९ सालीं ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले.

हीच कसोटी त्यांनीं मराठी बखरींस लाविली. बखर म्हणजे केवळ लढायांची कथा नव्हे. धर्मशास्त्राचा नियम व समाजाचा प्रत्यक्ष आचार यांतील अंतरही तींत आढळतें, हें त्यांनीं दाखविलें. त्यांचा हा निबंध रानड्यांच्या मराठी सत्तेच्या उत्कर्षावरील ग्रंथास १९०० सालीं जोडला गेला.

सुधारणेचे पुरस्कर्ते असूनही आयुष्याच्या अखेरीस त्यांनीं आपल्या अल्पवयी कन्येचा विवाह केला, व त्याबद्दल त्यांवर कठोर टीका झाली. विचार व आचार यांतील जें अंतर त्यांनीं बखरींत शोधिलें, तें त्यांच्या घरींही होतें. चरित्रकारानें हें झांकूं नये. प्रमाणनिष्ठ पुरुषाच्या चरित्रास तोच न्याय शोभतो.

ता. १ सप्टेंबर १८९३ रोजीं, त्रेचाळीसावें वर्ष नुकतेंच पुरें झालें असतां, ते निवर्तले. पदाची मुदत अपुरी राहिली व डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्यांच्या जागीं आले. अधिकार अल्पकाळ टिकला. पण बखर वाचण्याची जी दृष्टि तेलंगांनीं दिली, ती आमच्यासारख्या इतिहासाच्या अभ्यासकांस अद्याप उपयोगी पडते.