राजधानी कुणाची? भांडण चार शहरांचं!

मध्य प्रदेशची राजधानी कोणती?

‘भोपाळ!’ आलं ना पटकन उत्तर? स्कॉलरशिपच्या परीक्षेत हा प्रश्न आला की एक गुण खिशात. पण १९५६ साली हे उत्तर इतकं सोपं नव्हतं. तेव्हा चार शहरं ‘मी, मी’ म्हणत पुढे आली होती आणि मोठमोठी माणसं वाद घालत होती. या भांडणाचा एक धागा थेट आपल्या नागपूरपर्यंत येतो, बरं का!

आता भारताचा नकाशा उघडा आणि मधोमध बोट ठेवा. इंग्रजांनी १८६१ साली इथे ‘मध्य प्रांत’ तयार केला आणि त्याची राजधानी केली नागपूर. पुढे त्यात वऱ्हाड आलं. १९५० साली या प्रांताला ‘मध्य प्रदेश’ नाव मिळालं, तरी राजधानी नागपूरच राहिली. म्हणजे मध्य प्रदेशची पहिली राजधानी एक मराठी शहर होतं!

मग भाषेप्रमाणे राज्यांची नवी रचना करायचं ठरलं. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ मराठी जिल्हे तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. उरलेल्या हिंदी भागाला मध्य भारत, विंध्य प्रदेश आणि भोपाळ ही राज्यं जोडली गेली आणि नवा मध्य प्रदेश जन्माला आला. आता अडचण बघा. विंध्य प्रदेशची राजधानी होती रीवा. भोपाळची भोपाळ. मध्य भारताला तर दोन राजधान्या होत्या: हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर! घर एक झालं, पण किल्ल्या सांभाळणारे अनेक. मग मुख्य किल्ली द्यायची कुणाकडे?

चला, चारही शहरांना वर्गात उभं करू आणि त्यांचं म्हणणं ऐकू.

जबलपूर म्हणालं असतं, ‘नव्या राज्याचा नकाशा बघा. पूर्वेला रायपूर आणि बस्तर, उत्तरेला रीवा, पश्चिमेला माळवा. सगळ्यांच्या मध्ये मीच आहे. शिवाय रेल्वेचं मोठं जंक्शन आहे, नर्मदेचं पाणी आहे.’ मुद्दा बिनतोड होता. राज्य पुनर्रचना आयोगानेही आपल्या १९५५ च्या अहवालात जबलपूरचंच नाव सुचवलं होतं.

इंदूर म्हणालं असतं, ‘चौघांत सगळ्यांत मोठा मी! १९५१ च्या शिरगणतीत माझी वस्ती तीन लाखांवर गेली. कापडाच्या गिरण्या माझ्याकडे, व्यापार माझ्याकडे. होळकरांचा कारभार पाहिलेलं शहर आहे मी.’

ग्वाल्हेर कशाला मागे राहील? ‘शिंद्यांची राजधानी मी. किल्ला माझा, तानसेन माझा. कचेऱ्यांना वाडे हवेत? माझ्याकडे हवे तेवढे आहेत.’ पण ग्वाल्हेर होतं राज्याच्या अगदी उत्तर टोकाला. बस्तरच्या माणसाने तिथे पोहोचायचं तरी कधी?

आणि भोपाळ? बिचारं लहानसं! वस्ती एक लाखाच्या आसपास. ते साधं जिल्ह्याचं ठिकाणसुद्धा नव्हतं, तेव्हा जिल्हा होता सिहोर. भोपाळ जिल्हा झाला तो १९७२ साली. पण त्याच्याकडे नबाबांच्या काळातल्या मोठ्या इमारती होत्या, मोकळी जागा होती, भरपूर पाण्याचे तलाव होते. दिल्लीहून इटारसीमार्गे दक्षिणेकडे जाणारी रेल्वे गावातूनच जात होती.

तुम्ही कुणाला मत दिलं असतं? खालचं वाचण्याआधी पाटीवर लिहून ठेवा हं!

निकाल तुम्हाला ठाऊकच आहे. राजधानी झाली भोपाळ. मिंटो हॉल नावाच्या जुन्या इमारतीत विधानसभा भरू लागली आणि १९९६ साली नवी इमारत होईपर्यंत तिथेच भरत राहिली.

पण बाकीच्यांना रिकाम्या हाताने कसं पाठवणार? घरात एका भावाला सायकल आणली, तर दुसऱ्यासाठीही काहीतरी आणावंच लागतं. जबलपूरला उच्च न्यायालय मिळालं. हे न्यायालय म्हणजे नागपूरच्या जुन्या उच्च न्यायालयाचा वारसदार. राज्य लोकसेवा आयोग इंदूरला गेला. ग्वाल्हेरला महसूल मंडळ आणि महालेखाकारांची कचेरी मिळाली.

छान वाटणी झाली, नाही? थांबा. जरा उलट बाजूने बघू. समजा, दूरच्या खेड्यातला एक शेतकरी आहे. मंत्र्यांना अर्ज द्यायचा तर भोपाळ. खटला वरच्या कोर्टात गेला तर जबलपूर. जमिनीचं प्रकरण महसूल मंडळापर्यंत पोहोचलं तर ग्वाल्हेर. शहरांचं समाधान झालं, पण त्याच्या चपला झिजल्या त्याचं काय? म्हणजे वाटणीलाही किंमत असते आणि ती बऱ्याचदा सगळ्यांत गरीब माणूस मोजतो.

आणि ज्यांची बदली झाली त्यांचं काय? निरनिराळ्या ठिकाणच्या कचेऱ्या भोपाळला आल्या, तशी कारकून आणि शिपाई मंडळीही बिऱ्हाडं घेऊन आली. त्यांच्यासाठी तात्या टोपे नगरासारख्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या. कुणाची शाळा सुटली, कुणाचे सवंगडी. राजधानी बदलते तेव्हा नकाशावरचा एक ठिपका सरकतो, पण घरं मात्र खरीखुरी हलतात.

आता नागपूरकडे वळू. पंचाण्णव वर्षांची राजधानी एका दिवसात गेली. वाईट वाटणारच! मोठ्या कचेऱ्या गेल्या की नोकऱ्या जातात, दुकानांची गिऱ्हाइकं जातात आणि ‘आपलं कोण ऐकणार?’ ही भीती येते. ही भीती आधीच ओळखून २८ सप्टेंबर १९५३ रोजी मराठी नेत्यांनी ‘नागपूर करार’ केला होता. सरकारने दरवर्षी काही काळ नागपुरात येऊन कारभार करावा आणि विधानसभेचं एक तरी अधिवेशन तिथे भरवावं, असं त्यात ठरलं. डिसेंबरच्या सुमाराला ‘हिवाळी अधिवेशन, नागपूर’ अशी बातमी तुम्ही ऐकता ना? तिचं मूळ हे आहे.

काहीजण म्हणतात, फायली आणि माणसं मुंबईहून नागपूरला न्यायची म्हणजे केवढा खर्च! काहीजण म्हणतात, गडचिरोलीच्या माणसाने गाऱ्हाणं सांगायला दरवेळी मुंबई गाठायची का? वर्षातून एकदा सरकारने त्याच्याजवळ यायला काय हरकत आहे? दोन्ही बाजूंत दम आहे. आज जेवताना आई-बाबांना विचारा, त्यांना काय वाटतं.

अजून एक गंमत. १ नोव्हेंबर २००० रोजी मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळं झालं. बस्तर, रायपूर तिकडे गेले आणि जबलपूरचा ‘मी मध्यावर’ हा मुद्दा पहिल्याइतका भक्कम राहिला नाही. म्हणजे १९५६ चं बरोबर उत्तर २००० साली तसंच राहील, असं नाही! छत्तीसगडनेही राजधानी रायपूरला आणि उच्च न्यायालय बिलासपूरला नेलं. पुन्हा वाटणी!

मला विचाराल, तर कुठलं शहर मोठं, कुणाचा किल्ला उंच, हे बघून राजधानी ठरवू नये. राजधानी हे काही शहराला मिळालेलं बक्षीस नाही, ते लोकांच्या कामाचं ठिकाण आहे. राज्यातल्या सगळ्यांत लांबच्या खेड्यातली म्हातारी आजी तिथे जाऊन, काम उरकून घरी कशी परतेल, हा पहिला प्रश्न. आणि ज्या शहराला नाही म्हटलं, त्याचा मान कसा राखणार, हा दुसरा.

तुमच्या वर्गात हा वादविवाद जरूर करा. चार गट पाडा आणि चार शहरं वाटून घ्या. नकाशावर दोरा धरून अंतरं मोजा. नियम एकच: बोलायला उठलेल्याने आधी समोरच्या गटाचा एक चांगला मुद्दा सांगायचा, मगच आपला. जरा कठीण आहे, पण जमेल! शेवटी पाटीवरचं मत काढून बघा. ते बदललं असेल, तर कशामुळे बदललं तेही खाली लिहा.