गच्चीवर लॉन नको, कोकणचा सडा हवा

अंधेरीच्या मरोळ एमआयडीसीत किंवा साकीनाक्याच्या गाळ्यांत, वरच्या मजल्यावरच्या ऑफिसला मे महिन्याच्या दुपारी एसी पुरत नाही. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळपर्यंत आत उष्णता सोडत राहतो.

त्यावर माती आणि झाडं आली, की पानं ऊन अडवतात आणि मातीतलं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, जशी माठाच्या अंगावरून जाते. एक लिटर पाणी उडायला सुमारे ०.६७ युनिट (किलोवॉट-तास) उष्णता लागते. चौरस मीटरमागे दिवसाला तीन लिटर उडालं, तर दोन युनिटं वरच्या वर गेली. विजेचं बिल मात्र तेवढं उतरत नाही, कारण ही सगळी उष्णता एरवीही आत आली नसती. शिवाय फायदा मुख्यतः वरच्या मजल्याला. वीस मजली काचेच्या टॉवरने आधी काचांवर सावली करावी. हिरवं छत शोभतं ते दोन-तीन मजली, ऐसपैस गच्चीच्या इमारतीला.

मुंबईला हे नवंही नाही. मलबार हिलचं फिरोजशाह मेहता उद्यान १८८० च्या दशकापासून पाण्याच्या टाकीच्या छतावरच उभं आहे.

खरा प्रश्न वजनाचा. दहा सेंटिमीटर ओली माती चौरस मीटरला दीडशे ते दोनशे किलो भरते. माणसांच्या वापरातल्या गच्चीसाठी भारतीय मानक जो भार धरतं, तो साधारण दीडशे किलोच. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनीअरच्या लेखी होकाराशिवाय मातीची एक गोणीही वर चढवू नये. दुसरी भीती गळतीची. ब्रिकबॅट कोब्याच्या भेगांत मुळं शिरतात, त्यामुळे मुळं रोखणारा थर आणि त्यावर निचऱ्याचा थर हवाच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तसं पाणी गच्चीवर तुंबू नये म्हणून पावसाच्या पाइपांची तोंडं हाताने साफ करता येतील अशीच ठेवावीत.

आणि झाडं? बोरिवलीच्या कान्हेरीला पावसाळ्यात लेण्यांच्या माथ्यावर चढून बघा. कातळावर बोटभर माती, तिच्यात दाट गवत. दिवाळीनंतर ते वाळतं, बी मातीत राहतं, जूनमध्ये पुन्हा उगवतं. कोकणातल्या सड्यांचा, म्हणजे कातळाच्या पठारांचाही हाच क्रम. चार महिने भिजणं आणि आठ महिने तापणं या वनस्पतींना जमतं. लॉनला त्या आठ महिन्यांत टँकर लागतो.

यात एक अडचण उरते. वाळलेलं गवत गारवा देत नाही, उलट पेट घेऊ शकतं. ते हिवाळ्यात कापावं आणि मार्च ते मे एसीतून ठिबकणारं पाणी साठवून, पंपाने चढवून गच्चीवर फिरवावं. दमट हवेत ऑफिसचे एसी ते रोज बादल्या भरून देतात, आणि आज ते गटारात जातं.

गाळामालकांनो, या पावसाळ्याआधी गच्चीत दोन-तीन दिवस पाणी साठवून गळती तपासून घ्या. छत गळलं नाही आणि इंजिनीअरने होकार दिला, तर एका कोपऱ्यापासून सुरुवात करा.