बराकींच्या गल्लीतील विजेची दुचाकी

उल्हासनगरच्या कॅम्प २ मध्ये पत्ता विचारला तर आजही पुष्कळदा रस्त्याचे नाव मिळत नाही, बराकीचा क्रमांक मिळतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणलगत लष्कराची जी विस्तीर्ण छावणी वसविण्यात आली, तिच्याच बराकींत फाळणीनंतर सिंध प्रांतातून परागंदा होऊन आलेल्या निर्वासितांना आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून त्या वसाहतीचे उल्हासनगर हे नाव रूढ झाले. पुढील पाऊणशे वर्षांत बराकींच्या ओसऱ्या पुढे सरकल्या, ओसऱ्यांची दुकाने झाली, दुकानांवर मजले चढले, आणि अवघ्या १३ चौरस किलोमीटरांच्या या शहरात २०११ च्या जनगणनेने ५ लक्ष ६ हजारांवर माणसे मोजली. दोन बराकींमधील वाट मात्र होती तेवढीच राहिली. किंबहुना दुकानाची पायरी, बाहेर टांगलेले कापड आणि उभी हातगाडी यांनी ती अधिकच आकुंचित केली.

युरोपातील किंवा अमेरिकेतील शहरांत पादचारी आणि सायकलस्वार यांच्यासाठी जे सामायिक मार्ग आखलेले असतात, तसा पट्टे मारलेला मार्ग कॅम्प २ मध्ये शोधूनही सापडणार नाही. परंतु गजानन मार्केट किंवा जपानी बाजार यांच्या गल्लीत सणासुदीच्या दिवसांत पाच मिनिटे उभे राहिले, म्हणजे ध्यानात येते की इथे प्रत्येक गल्ली हाच सर्वांचा सामायिक मार्ग आहे. लग्नाचा बस्ता बांधायला आलेले कुटुंब, डोक्यावर कापडाचा गठ्ठा घेतलेला हमाल, शिकवणीहून परतणारी मुले, भाजीची पिशवी सांभाळत चाललेली वृद्धा आणि या सर्वांमधून वाट काढणारी दुचाकी, या साऱ्यांना तीच आठ-दहा फुटांची जागा वाटून घ्यावी लागते. बॅटरीवर चालणारी दुचाकी येथे फार लवकर रुळली, याचे आश्चर्य वाटत नाही. तिला धूर नाही, पेट्रोलच्या मानाने तिचा दैनंदिन खर्च अत्यल्प आहे, वयस्क दुकानदाराला ती पेलते, घरपोच सामान पोहोचविणाऱ्या तरुणाची ती उपजीविका होते. तिचे हे गुण निर्विवाद आहेत, आणि पुढील विवेचन तिच्या विरोधात आहे असे कोणी समजू नये.

दुकानाच्या दारावर “नंबर नको, लायसन्स नको” अशी जी जाहिरात दिसते, तिच्यामागे कायद्याचा खरा आधार आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील व्याख्येनुसार ज्या बॅटरीचलित वाहनाच्या मोटारीची अर्ध्या तासाची सलग शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि ज्याचा कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, ते वाहन, अधिकृत चाचणी संस्थेने तशी खात्री करून दिली असल्यास, ‘मोटार वाहन’ या सदरात मोडतच नाही. पायडल मारण्याला मोटारीचे साहाय्य असणाऱ्या सायकलीसही हीच मुभा आहे. मात्र तिथे वेग वाढत जाईल तसतशी मोटारीची मदत उणावत जाऊन ताशी २५ किलोमीटरला, अथवा चालकाने पायडल मारणे थांबविताच, ती पूर्णतः बंद झाली पाहिजे, तसेच पुढे पांढरा आणि मागे तांबडा परावर्तक असला पाहिजे, असे बंधन आहे. अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी एक प्रमुख संस्था, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, आपल्या पुण्यातच आहे. या कसोट्यांना उतरलेल्या वाहनाला नोंदणी नको, परवाना नको, विमा नको, शिरस्त्राणाची सक्तीही नाही. शासनाने ही सवलत मंद वेगाच्या मोबदल्यात दिली, हे विसरले की पुढचे सारे अनर्थ ओढवतात. हा करार शासन आणि वाहनमालक यांच्यात झाला. ज्याच्या शेजारून ते वाहन जाणार, त्या पायी चालणाऱ्याचे मत त्यात कोणी घेतले नाही, आणि म्हणूनच कराराची ती मूळ अट त्याच्यासाठी तरी काटेकोरपणे पाळली जाणे अगत्याचे आहे.

ती अट मोडणे मात्र फारसे कठीण नाही. पुष्कळशा मंदगती गाड्यांत वेगाची मर्यादा मोटारीच्या अंगची नसते. बॅटरीतून मोटारीकडे किती वीज जावी हे ठरविणाऱ्या ‘कंट्रोलर’ नामक छोट्या पेटीत ती घातलेली असते. एखादी तार तोडून किंवा जोडून, किंवा ती पेटीच बदलून, ‘लॉक काढून’ मिळते, आणि काल ताशी २५ ने जाणारी गाडी आज ४० ते ४५ ने धावू लागते. नियमातील शक्तीचे मापही सलग अर्ध्या तासाचे आहे, क्षणिक जोराचे नव्हे. त्यामुळे कागदावर २५० वॅटची असलेली मोटार क्षणभर त्याहून कितीतरी अधिक जोर लावू शकते.

वेगातील हा फरक कानाला किरकोळ वाटतो, परंतु पदार्थविज्ञान त्याचा हिशेब कठोरपणे मांडते. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ७ मीटर. समोर अकस्मात मूल आले हे ध्यानात येऊन हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला असे धरले, आणि रस्ता कोरडा व ब्रेक चांगले आहेत असेही गृहीत धरले, तरी गाडी थांबायला सुमारे १२ मीटर लागतात. वेग ४५ असेल तर हेच अंतर २८ मीटरांच्या घरात जाते. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे वेग १.८ पट झाला की धडकेचा मारा सव्वातीनपट होतो. दोन बराकींच्या मधून मुख्य गल्लीत उतरणाऱ्या मुलाला पाहण्यासाठी चालकाला २८ मीटर लांबवरची दृष्टी लाभणे कॅम्प २ च्या रचनेत बहुतेक ठिकाणी असंभव आहे. त्यातच या गाड्यांची चाके लहान, चौकट हलकी, आणि ब्रेक मूळच्या मंद वेगाला साजेसे. पावसाळ्यात पाण्याखाली दडलेल्या खड्ड्यात असले चाक अडकले म्हणजे प्रथम चालकच भूमीवर आदळतो.

दुसरा प्रश्न आवाजाचा. पेट्रोलची गाडी मागून येत असली की आपला कान डोळ्यांच्या आधी सावध होतो आणि पाऊल आपोआप बाजूला पडते. ही सवय आपल्या पिढ्यांनी रस्त्यावरच कमावली आहे. विजेच्या गाडीला इंजिनाचा आवाज नाही, आणि टायरांची घरघर वेग बराच वाढल्याखेरीज ऐकू येत नाही. परिणामी जिथे माणसांची दाटी सर्वाधिक आणि म्हणून वेग सर्वांत कमी, नेमकी तिथेच ही गाडी सर्वांत निःशब्द असते. दृष्टी अधू झालेल्या वृद्धांना आणि अंधांना याचा किती जाच होत असेल, याची कल्पना डोळसांना सहज येणार नाही. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून सर्व नव्या विद्युत मोटारींना मंद वेगात कृत्रिम ध्वनी काढण्याची सक्ती केली. दुचाकींना मात्र ती लागू नाही. आपल्याकडे तूर्त घंटी किंवा भोंगा एवढाच उपाय आहे, आणि तो वाजविण्याचे सौजन्य ज्याचे त्याच्यापाशी.

बेकायदा फेरफारांची दखल महाराष्ट्रात घेतली गेली नाही असे नाही. २०२२ च्या मे महिन्यात राज्याच्या परिवहन खात्याने शक्ती व वेग वाढवून विकल्या वा वापरल्या जाणाऱ्या विद्युत दुचाकींविरुद्ध तपासणीची मोहीम हाती घेतली होती. परंतु दंडापेक्षाही गंभीर असा एक परिणाम सामान्य ग्राहकाला कोणी समजावून सांगत नाही. लॉक काढलेली गाडी त्या क्षणी सवलतीच्या कक्षेबाहेर जाते आणि कायद्याच्या दृष्टीने नोंदणीविना, विम्याविना रस्त्यावर आणलेले मोटार वाहन बनते. परवान्याविना चालविल्याबद्दल ५,००० रुपये आणि विम्याविना चालविल्याबद्दल पहिल्या वेळी २,००० रुपये हा दंड सोसता येईल. पण कुणाचा पाय मोडला, कुणाचा जीव गेला, तर नुकसानभरपाईची सारी रक्कम चालकाच्या व मालकाच्या शिरावर येते, कारण ती भरून देणारी विमा कंपनीच अस्तित्वात नसते. ज्याला धडक बसली त्याची अवस्था तर अधिकच दयनीय. नोंदलेल्या स्कूटरने धडक दिली असती तर त्याला ठाण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे विमा कंपनीविरुद्ध दाद मागता आली असती. इथे गाडीला क्रमांक नाही, म्हणून पळून गेलेल्याचा माग नाही. आणि माग लागला तरी एखाद्या तुटपुंज्या मिळकतीच्या तरुणाकडून वसूल काय होणार? खऱ्याखुऱ्या मंदगती गाडीच्या अपघातातही विम्याची ही पोकळी कायमच राहते, आणि निदान तृतीय पक्षाचा अल्प हप्त्याचा विमा या गाड्यांना सक्तीचा करावा, असे मला आग्रहाने वाटते. फौजदारी जबाबदारीतून मात्र कोणीच सुटत नाही: सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकण्याचा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मधील गुन्हा ‘कोणत्याही’ वाहनाला लागू आहे, मग त्याला नोंदणीची गरज असो वा नसो.

याच सवलतीतून मुलांचा प्रश्न उद्भवतो. परवाना नको म्हणजे वयाची अटही नाही, असा अर्थ पालक काढतात, आणि कायद्याच्या अक्षरापुरता तो खराही आहे. पेट्रोलची स्कूटर अल्पवयीन मुलाच्या हाती दिली तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला मंदगती विजेची गाडी देणाऱ्याला मात्र या तरतुदीची झळ लागत नाही. त्या वयाच्या मुलाला अंतराचा आणि वेगाचा अंदाज पुरता आलेला नसतो, आणि मागे एक, कधी दोन मित्र बसले म्हणजे गाडीचा तोलही त्याच्या आवाक्यात राहत नाही. कायद्याने मोकळी ठेवलेली ही जागा आई-वडिलांनी आपल्या विवेकाने भरून काढावी लागेल. मुलगा हट्ट करतो, हे कारण पुरेसे नाही.

बॅटरीच्या आगीचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे, परंतु २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा मुलगा दगावला, याचा उल्लेख टाळता येत नाही. त्या वर्षाच्या डिसेंबरपासून केंद्र शासनाने विद्युत दुचाकींच्या बॅटऱ्यांचे निकष टप्प्याटप्प्याने कडक केले. एकाच दाराच्या खोलीत, निजलेल्या माणसांच्या आणि दाराच्या मधोमध, रात्रभर बॅटरी चार्जिंगला ठेवणे हे बराकींच्या वस्तीत तरी प्राणघातक ठरू शकते. आणि मूळ चार्जर बिघडल्यावर बाजारातून मिळेल तो स्वस्त चार्जर आणणे हेही तितकेच.

अन्य देशांनी या वाहनाची जी विभागणी केली, ती पाहण्यासारखी आहे. नेदरलँड्समध्ये ताशी ४५ किलोमीटर गाठणाऱ्या सायकलींना १ जानेवारी २०१७ पासून मोपेडच्या वर्गात घालून क्रमांकपट्टी, विमा आणि शिरस्त्राण आवश्यक करण्यात आले, आणि मंद सायकलींना सायकलीचा दर्जा अबाधित ठेवला. न्यूयॉर्क नगरीने ऑक्टोबर २०२५ मध्ये ई-बाईकसाठी ताशी १५ मैलांची, म्हणजे सुमारे २४ किलोमीटरांची, मर्यादा घातली. ज्या शहराच्या हमरस्त्यांवर आपल्या पाच-सहा गल्ल्या शेजारी शेजारी मावतील, तिथे जो वेग कमाल मानला गेला, तोच वेग आपण गजानन मार्केटच्या गल्लीत विनापरवाना बहाल करून बसलो आहोत. माणूस ताशी ५ किलोमीटरांनी चालतो. त्याच्या खांद्याला खांदा लावून जाणाऱ्या वाहनाला १० देखील पुष्कळ झाले.

२०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांत ३२,८२५ पादचारी होते. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात वकिलीचा आरंभ केलेले न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांच्या पीठाने, अडथळामुक्त पदपथ हा संविधानाच्या अनुच्छेद २१ खालील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. ज्या गल्लीत पदपथालाच जागा नाही, तिथे हा हक्क संपूर्ण गल्लीला लागू झाला पाहिजे, असे मी समजतो. शिवाय २०२५ मध्येच राज्याने १ लक्षाहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत केवळ विद्युत दुचाकींच्या बाईक-टॅक्सीला अनुज्ञा देणारे नियम केले आहेत. त्या गाड्या रीतसर नोंदलेल्या आणि विमा उतरविलेल्या असतील, तरी गल्लीतील गर्दीत त्यांची भर पडणारच.

उपाय योजण्यासाठी साधने हाताशी आहेत. कल्याणच्या परिवहन कार्यालयाने आणि वाहतूक पोलिसांनी मोकळ्या रस्त्यावर या गाड्यांचा प्रत्यक्ष वेग मोजावा आणि लॉक काढून देणाऱ्या दुकानदारालाही जाब विचारावा. खरेदीदाराने पावतीसोबत चाचणी संस्थेच्या प्रमाणपत्राची प्रत मागून घ्यावी आणि त्यावरील नमुन्याचे नाव गाडीशी ताडून पाहावे. गल्लीतील वेगाचा प्रश्न मात्र मोटार वाहन कायद्याने सुटणार नाही, कारण त्या कायद्यातील वेगमर्यादा मोटार वाहनांपुरत्याच आहेत. तिथे १९५१ चा जुना मुंबई पोलीस कायदा, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात, उपयोगी पडेल: त्याचे कलम ३३ पोलीस आयुक्तांना रस्त्यांवरील ‘सर्व प्रकारच्या’ वाहतुकीचे नियमन करण्याचा अधिकार देते, आणि उल्हासनगर ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येते. गजानन मार्केट आणि जपानी बाजार यांच्या अंतर्गत गल्ल्यांत सायंकाळच्या गर्दीच्या वेळी कोणतीही दुचाकी, पेट्रोलची असो वा विजेची, क्रमांक असलेली असो वा नसलेली, चालकाने खाली उतरून हाताने ढकलत न्यावी, असा हुकूम त्या आधारे काढता येईल, आणि व्यापारी मंडळांनी तो स्वतः होऊन मागितला तर त्याच्या अंमलबजावणीला गल्लीच्या तोंडाशी एक शिपाई पुरेल.