कोटीची मोटार आणि धक्क्याचा हिशेब

उज्जैन नगरी आपल्याला परिचित आहे ती महाकालाची आणि क्षिप्रेची म्हणून. २०२४ पासून तिच्या नावाशी आणखी एक गोष्ट जोडली गेली. त्या वर्षी विक्रमोत्सवातील व्यापार मेळ्यात मध्यप्रदेश शासनाने नव्या मोटारींवरील करात निम्मी सूट दिली. ग्वाल्हेरच्या जुन्या मेळ्याची ही सवलत उज्जैनलाही लाभली. मोटार जितकी महाग, तितकी सुटीची रक्कम मोठी. साहजिकच श्रीमंती मोटारी घेणाऱ्यांनाही तिचे आकर्षण वाटले. बायजाबाई शिंदे यांनी बांधविलेल्या गोपाळमंदिराभोवतालच्या अरुंद रस्त्यांवर ई-रिक्षा, दुचाकी आणि हातगाडी यांच्या गर्दीत अशी एखादी मोटार शिरली आणि धक्का लागला, तर भरपाई कोणी आणि किती द्यावयाची? २०२८ च्या सिंहस्थाची गर्दी लक्षात घेता हा प्रश्न केवळ धनिकांचा नाही.

प्रथम दुरुस्तीचा विचार करू. साध्या मोटारीचा पोलादी पत्रा ठोकून, डाग देऊन, रंगवून पूर्ववत करता येतो. अतिमहाग मोटारींचा सांगाडा पुष्कळदा ॲल्युमिनियमचा किंवा कार्बन तंतूंचा असतो. ॲल्युमिनियम जोडण्यास निराळी हत्यारे आणि निराळे शिक्षण लागते. कार्बन तंतूला तडा गेला तर तो ठोकून सरळ होत नाही. पुढच्या बंपरामागे कॅमेरे आणि रडार दडलेले असतात; बंपर बदलला की ती यंत्रे पुन्हा अचूक जुळवावी लागतात. दिवा काचेचा राहिलेला नाही, तो एक लहानसा संगणकच झाला आहे. त्यामुळे बाहेरून किरकोळ दिसणाऱ्या धक्क्याचा खर्च लाखांच्या घरात जातो.

आता मालकाच्या विम्याकडे वळू. आपल्याकडे विमापत्रात मोटारीचे घोषित मूल्य लिहिलेले असते आणि ते दरसाल उतरते. एक कोटी किंमत असलेली मोटार एक वर्षाची होऊन दुसऱ्या वर्षात गेली, की वीस टक्के वजा होऊन तिचे मूल्य ८० लाख धरले जाते. दुरुस्तीचा खर्च त्या मूल्याच्या ७५ टक्क्यांहून, म्हणजे ६० लाखांहून अधिक झाला, तर कंपनी ती मोटार पूर्ण निकामी झाली असे मानून हिशेब करते. शिवाय रबर, प्लास्टिक आणि बॅटरी यांवर सामान्यतः निम्मा घसारा कापला जातो. तो टाळावयाचा तर शून्य घसाऱ्याची जादा जोडणी आधीच घ्यावी लागते.

इंग्लंडमध्ये याच्या उलट घडलेले एक उदाहरण प्रसिद्ध आहे. विनोदी नट रोवन ॲटकिन्सन यांनी १९९७ साली ६ लाख ४० हजार पौंडांस घेतलेली मॅक्लारेन मोटार २०११ मध्ये झाडावर आदळली. दुरुस्तीस सुमारे ९ लाख १० हजार पौंड लागले आणि ते विमा कंपनीने दिले. खरेदीच्या किंमतीहून दुरुस्ती महाग, तरीही कंपनीचा तोटा झाला असे म्हणता येत नाही. कारण अशा दुर्मिळ मोटारीचे मोल वर्षागणिक चढते. २०१५ साली तीच मोटार सुमारे ८० लाख पौंडांस विकली गेली.

परंतु चूक दुसऱ्याची असेल तर? मालकास त्याची विमा कंपनी भरपाई देते आणि मग मालकाच्या जागी उभी राहून चूक करणाऱ्याकडे वसुलीस जाऊ शकते. येथे सामान्य वाहनधारकाने सावध व्हावे. खाजगी मोटारीच्या विम्यात परक्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा साडेसात लाख रुपये आणि दुचाकीच्या विम्यात एक लाख रुपये असते. हप्त्यात थोडकी सूट घेऊन ही मर्यादा अवघ्या ६,००० रुपयांवर आणण्याचीही सोय आहे. ती सूट घेणारा मनुष्य काही रुपये वाचवितो आणि लाखोंचे ओझे शिरावर घेतो. मर्यादेवरील रक्कम ज्याची त्यानेच द्यावयाची असते.

याच कायद्याची दुसरी बाजू मात्र ध्यानात घेण्याजोगी आहे. मोटारीच्या धक्क्याने परका मनुष्य मृत्यू पावला, तर विमा कंपनीच्या दायित्वास अशी ठराविक मर्यादा नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात १५०० घनसेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या खाजगी मोटारीस परपक्ष विम्याचा वार्षिक हप्ता ७,८९७ रुपये ठरला. मोटार वीस लाखांची असो वा पाच कोटींची. मोटारीची किंमत येथे विचारात घेतलेली नाही, कारण हा विमा मोटारीसाठी नाहीच. तो रस्त्यावरील माणसासाठी आहे.

आणि माणसाचेच मोल शेवटी पुढे येते. ऑगस्ट २०२३ मध्ये हरियाणातील नूह येथे दिल्ली–मुंबई द्रुतगती मार्गावर एक रोल्स-रॉइस तेलाच्या टँकरवर आदळली. अडीच टनांहून जड अशा त्या मोटारीतील माणसे वाचली. प्राण गेले ते टँकरचा चालक आणि त्याचा मदतनीस यांचे. हाच मार्ग पुढे आपल्या माळव्यातून, मंदसोर आणि रतलाम जिल्ह्यांतून जातो. मे २०२४ मध्ये पुण्यास एका पोर्श मोटारीच्या धडकेत मध्यप्रदेशातील दोन तरुण अभियंते मृत्यू पावले. त्या मोटारीची कायम नोंदणी १,७५८ रुपयांचे शुल्क न भरल्याने राहून गेली होती, असे परिवहन अधिकाऱ्यांनी सांगितले. अशा हयगयीचा परिणाम काय होतो? नोंदणीविना रस्त्यावर आणलेल्या मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीची भरपाई नाकारता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला आहे.

यास्तव तीन गोष्टी कराव्यात. विमापत्र काढून परक्याच्या मालमत्तेची मर्यादा साडेसात लाख आहे की सहा हजार, हे आजच पाहावे. नोंदणी, परवाना आणि विमा यांच्या मुदती एका कागदावर लिहून ठेवाव्यात. आणि अपघात झालाच, तर प्रथम जखमीस रुग्णालयात पोचवावे; त्यानंतर पोलीस व विमा कंपनी यांस कळवावे, आणि सर्वेक्षकाने पाहिल्याखेरीज दुरुस्तीस हात लावू नये. पत्र्याचा हिशेब उद्याही करता येईल. जखमीला मात्र वेळेवर मदत मिळाली पाहिजे.