समतोलाचे हिशेब – भाग ६ : कोणाची कुवत किती?

गेल्या आठवड्यात आपण देशादेशांमधला व्यापारतोल पाहिला. आज एकाच देशातल्या प्रांतांमधला समतोल पाहू. कॅनडात १९५७पासून ‘इक्वलायझेशन’ नावाची योजना आहे आणि १९८२च्या राज्यघटनेतल्या कलम ३६(२)ने तिच्या तत्त्वाला आधार दिला. साधारण सारखा कर भरणाऱ्या नागरिकाला, तो कुठल्याही प्रांतात राहत असला तरी, साधारण सारख्या सार्वजनिक सेवा मिळाव्यात, हे ते तत्त्व. इथे कोणी किती खर्च केला हे मोजत नाहीत. मोजतात ती महसूल उभा करण्याची कुवत. समजा, सरासरी दराने कर लावले तर दहा प्रांतांत मिळून दरडोई १०,००० डॉलर जमतात आणि एखाद्या प्रांतात ८,०००च. मग ढोबळमानाने हे तुटीचे २,००० गुणिले लोकसंख्या एवढी रक्कम केंद्र देते. ती कशावर खर्चायची, याची अट नाही.

यावर अल्बर्टाचा आक्षेप जुना आहे : तेल आमचे आणि चैन क्यूबेकची. १९६४-६५नंतर अल्बर्टाला या योजनेतून काहीच मिळालेले नाही. ऑक्टोबर २०२१च्या सार्वमतात तिथल्या सुमारे ६२ टक्के मतदारांनी हे तत्त्व घटनेतून काढावे असा कौल दिला. पण हा पैसा अल्बर्टाच्या तिजोरीतून जात नाही, तो केंद्राच्या करांतून येतो. सारख्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर कॅलगरीत आणि हॅलिफॅक्समध्ये एकाच दराने बसतो. अल्बर्टातून जास्त कर जातो, कारण तिथले उत्पन्न जास्त. २०२४-२५मध्ये सुमारे २,५३० कोटी डॉलरपैकी १,३३० कोटी क्यूबेकला मिळाले हे खरेच, पण दरडोई पाहिले तर चिमुकल्या प्रिन्स एडवर्ड आयलंडचा वाटा क्यूबेकच्या दुपटीहून मोठा निघतो. आणि कोणाची पाळी कधी येईल सांगता येत नाही : उद्योगसंपन्न ऑन्टारियोलाही २००९-१०मध्ये पहिल्यांदा ही मदत घ्यावी लागली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. क्यूबेक आपली जलविद्युत घरच्या ग्राहकांना स्वस्तात देतो. त्यामुळे वीज कंपनीचा नफा, पर्यायाने प्रांताची कुवतही, कागदावर कमी दिसते. हे खोडून काढता येत नाही. मात्र त्यातून दोष सिद्ध होतो तो मापाचा. माप दुरुस्त करता येते, त्यासाठी तत्त्व मोडीत काढायचे कारण नाही.

महाराष्ट्रात १९८४च्या दांडेकर समितीच्या अहवालाने विदर्भ-मराठवाड्याचा अनुशेष मोजला, तो रस्ते, सिंचन अशा राहून गेलेल्या कामांचा. अनुशेष एकदा भरला की संपला असे म्हणता येते. कुवतीतला फरक मात्र तेलाच्या भावाबरोबर दरवर्षी हलतो. म्हणून प्रादेशिक समतोलाचा हिशेब कायमचा मिटत नसतो, तो दरवर्षी नव्याने मांडावा लागतो. भांडण व्हायचेच असेल तर ते मापावर व्हावे. पुढच्या आठवड्यात : सत्तेचा समतोल.