ग्राहक-अन्वेषण : दूरचित्रवाणीची एक लोकोपयोगी शाखा आणि हिंगोली जिल्हा

चालू घडामोडींच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांत एक शाखा अशी आहे, जिचा विषय सत्तांतर किंवा युद्ध नसतो. वाण्याच्या काट्यावरचे वजन, औषधाच्या बाटलीतला द्रव, बियाण्याच्या पिशवीवरचा दावा आणि घराचा महिन्याचा खर्च हेच तिचे क्षेत्र. या शाखेला येथे ‘ग्राहक-अन्वेषण’ म्हटले आहे. विषयानुसार तिचे वस्तूंची गुणवत्ता, आरोग्य आणि महागाई असे स्थूल भाग पडतात. पद्धतीनुसार पाहिले तर काही कार्यक्रम बाजारातील नमुना प्रयोगशाळेत तपासून घेतात, काही तक्रारदाराला घेऊन विक्रेत्याच्या दारी जातात, तर काही छुप्या चित्रणाचा आधार घेतात. यांत पहिली पद्धत सर्वांत खर्चिक आणि सर्वांत विश्वसनीय होय.

कॅनडातील सीबीसीचा ‘मार्केटप्लेस’ १९७२ पासून चालू आहे. ब्रिटनमध्ये बीबीसीचे ‘वॉचडॉग’ १९८० मध्ये दुसऱ्या एका कार्यक्रमाचा भाग म्हणून सुरू झाले आणि १९८५ मध्ये स्वतंत्र झाले. महाराष्ट्रातही १९७२ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय ठरते. त्या वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. राज्य त्या वेळी दुष्काळात होरपळत होते, आणि मृणाल गोरे व अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने स्त्रिया लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरत होत्या. पुढे १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचा पाया घातला आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. चळवळ उभी होती, माध्यम उपलब्ध होते. परंतु दोघांची खरी गाठ पडायला आणखी दहा वर्षे जावी लागली.

ती गाठ पडली एका कल्पित मालिकेतून. बासू चटर्जी यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘रजनी’ (१९८५) या हिंदी मालिकेत प्रिया तेंडुलकर यांनी साकारलेली गृहिणी गॅस सिलिंडर, टॅक्सी, सरकारी कार्यालय अशा रोजच्या ठिकाणी होणाऱ्या अडवणुकीला हटकत असे. टॅक्सीचालकांवरील भाग इतका झोंबला की त्यांनी निषेध नोंदवला. पाठोपाठ १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशीतून औषध नियंत्रण यंत्रणेचे धिंडवडे लोकांपुढे आले. त्याच वर्षी २४ डिसेंबरला ग्राहक संरक्षण कायदा अस्तित्वात आला. मालिकेमुळे कायदा झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. मात्र ‘आपण तक्रार करू शकतो’ ही जाणीव घराघरांत पोहोचवण्याचे श्रेय त्या मालिकेला दिलेच पाहिजे.

हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातील एक तालुका होता. १ मे १९९९ रोजी हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि सेनगाव मिळून स्वतंत्र जिल्हा झाला. येथील मोठा वर्ग शेतीवर जगणारा आहे. त्यामुळे ग्राहकहिताचा विचार येथे साबण आणि टूथपेस्टपासून सुरू होत नाही. या जिल्ह्यातील माणसाची वर्षातील सर्वांत मोठी खरेदी पुष्कळदा मृगाच्या तोंडावर कृषी सेवा केंद्रात होते, आणि ती फसली तर हंगाम हातचा जातो.

२०२० च्या खरिपात हेच घडले. मराठवाड्यात सोयाबीन अनेक ठिकाणी उगवलेच नाही. बांधावर उभ्या शेतकऱ्याने माती उकरून कुजलेला दाणा कॅमेऱ्यासमोर धरावा, हे दृश्य मराठी वृत्तवाहिन्यांवर त्या जून-जुलैमध्ये वारंवार दिसले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने बातम्यांची स्वतःहून दखल घेतली. कारणमीमांसा मात्र दृश्याइतकी सरळ नव्हती. सोयाबीनचे टरफल पातळ असते आणि अंकुर त्याच्या लगत असतो. मळणीयंत्राचा मार, पोती आपटणे किंवा काढणीच्या वेळी भिजणे यांमुळे त्याची उगवणशक्ती झपाट्याने घटते. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये ऐन काढणीत अवकाळी पाऊस झाला होता. शिवाय पुरेशी ओल नसताना किंवा खोलवर केलेल्या पेरणीनेही बी दगा देते. बियाणे कंपनीचा दोष कोठे संपतो आणि निसर्गाचा कोठे सुरू होतो, हे ठरवणारी पाहणी तालुका पातळीवरील तक्रार निवारण समितीने शेतात येऊन करायची असते. तिचा पंचनामा हाच पुढील दाव्याचा कणा होय.

येथे एक मूलभूत गोष्ट नोंदवली पाहिजे. बियाणे घेणारा शेतकरी कायद्याच्या अर्थाने ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात २०१२ मध्ये स्पष्ट केले. घेतलेले सर्व बी पेरून टाकणाऱ्या शेतकऱ्याने प्रयोगशाळेसाठी नमुना राखून ठेवला असेल, अशी अपेक्षा धरता येत नाही, हाही विचार त्या निकालात आहे. माझ्या मते ग्रामीण भागासाठी ग्राहक कायद्यातील याहून महत्त्वाचा निकाल क्वचितच सापडेल, आणि कार्यक्रमांतून त्याचा उल्लेख फार कमी होतो. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची किमान उगवणक्षमता ७० टक्के असावी लागते. ती घरी पाहता येते : ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने मांडावेत, गोणपाट गुंडाळून ओलसर ठेवावे आणि आठवडाभराने निकोप कोंब मोजावेत. अर्ध्या मिनिटात पडद्यावर दाखवता येईल अशी ही चाचणी पेरणीआधीच्या पंधरवड्यात दाखवली, तरच तिचा उपयोग.

हिंगोलीचे दुसरे पीक हळद, आणि तिच्यात उत्पादक व ग्राहक या दोघांचेही हित गुंतलेले आहे. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन लाभले असून तेथील बाजार हळदीसाठी प्रसिद्ध आहे. काढलेली ओली हळद शिजवतात, उन्हात वाळवतात आणि मग फिरत्या ढोलात घासून हळकुंडांना चकाकी आणतात. हाच शेवटचा टप्पा जगात इतरत्र भेसळीचा ठरला आहे. बांगलादेशात हळकुंडांना घासताना लेड क्रोमेट हे शिसेयुक्त पिवळे रंगद्रव्य चोळले जात असल्याचे तेथील आयसीडीडीआर,बी ही संशोधन संस्था आणि अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिले. शिसे लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवते. तेथील अन्नसुरक्षा यंत्रणेने बाजारावर छापे घातले आणि त्यांना बातम्यांतून मोठी प्रसिद्धी मिळाली. २०१९ मध्ये ४७ टक्के नमुन्यांत आढळलेले शिसे २०२१ मध्ये एकाही नमुन्यात आढळले नाही. संशोधन, प्रशासन आणि माध्यमे एका दिशेने चालली तर दोन वर्षांत काय होऊ शकते, याचा हा अतिशय आश्वासक दाखला आहे.

भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने सुचवलेली घरगुती तपासणी सोपी आहे. काचेच्या पेल्यातील पाण्यात चमचाभर हळद सोडावी आणि ढवळू नये. शुद्ध हळद फिकट पिवळी छटा ठेवत तळाशी बसते. कृत्रिम रंग असेल तर पाणी गडद पिवळे होते. अखंड हळकुंडाने पाण्यात पडताच भडक रंग सोडला, तरीही संशय घ्यावा. परंतु ही चाचणी संशयापुरतीच, निर्णय प्रयोगशाळेचा.

हा भेद न पाळल्याने काय होते, हे २०१५ च्या मॅगी प्रकरणात दिसले. शिसे आणि एमएसजीच्या मुद्द्यावरून वाहिन्यांवर दिवसरात्र चर्चा रंगल्या आणि ५ जूनला बंदीचा आदेश निघाला. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. नैसर्गिक न्याय पाळला गेला नव्हता आणि चाचण्या योग्य मान्यता नसलेल्या प्रयोगशाळांत झाल्या होत्या. छुप्या चित्रणाचा धोका त्याहून गंभीर आहे. २००७ मध्ये दिल्लीतील एका शिक्षिकेविरुद्धचे असे चित्रण बनावट निघाले, जमावाने तिला मारहाण केली होती, आणि संबंधित वाहिनीचे प्रसारण महिनाभर बंद ठेवण्याचा आदेश सरकारला द्यावा लागला.

कार्यक्रम पाहून जागृत झालेल्या हिंगोलीच्या ग्राहकाला आज पुढील मार्ग खुला आहे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तो स्वतः राहतो वा काम करतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करू शकतो. कंपनीचे कार्यालय मुंबईत असले म्हणून तिकडे खेटे घालण्याची गरज नाही. वस्तू वा सेवेपोटी दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगापुढे चालते, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. मुदत साधारणतः दोन वर्षांची. दोष चाचणीशिवाय ठरत नसेल तर आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवतो व अहवालासाठी सामान्यतः ४५ दिवस देतो. प्राथमिक सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक आहे. तक्रारीसोबत पक्के बिल जोडावे. बियाण्याच्या बाबतीत बिलाइतकीच रिकामी पिशवी आणि तिच्यावरील लेबल महत्त्वाचे असते, कारण लॉट क्रमांक तेथेच छापलेला असतो. म्हणून पेरणी झाल्यावर पिशवी पेटवून किंवा फेकून देऊ नये आणि तळाशी मूठभर बी राखून ठेवावे.