परमुलखातील बिऱ्हाड आणि आजारपण

चिरंजीव भोपाळास नोकरीवर रुजू झाले, राहावयास खोली मिळाली, जेवणाच्या डब्याचीही सोय झाली, एवढे कळले की घरच्या मंडळींचा जीव भांड्यात पडतो. पुढे दोनतीन महिन्यांनी एके रात्री दूरध्वनीवर कण्हत आवाज येतो, "आई, तीन दिवस झाले, ताप उतरत नाही." मुंबईहून भोपाळ आगगाडीने तेराचौदा तासांच्या वाटेवर. तेवढ्या वेळात आईच्या मनात काय काय येऊन जाते, हे तिचे तिलाच ठाऊक.

मराठी माणसाला भोपाळ तसे नवे नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरचे राजधानीपण गेले आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ ठरली. तेव्हा कचेऱ्यांच्या दप्तरांबरोबर नागपूरकडील अनेक नोकरदार कुटुंबे बिऱ्हाड पाठीशी बांधून इकडे आली. सरकारी नोकरांसाठी जी वसाहत उभी राहिली तिचे नाव तात्या टोपे नगर. तात्या टोपे मूळचे येवल्याचे, तेव्हा नाव तरी ओळखीचे! त्याच सुमारास येथे अवजड विद्युत सामग्रीचा सरकारी कारखाना निघाला आणि पिपलानी, गोविंदपुरा, बरखेडा ह्या कामगार वसाहतींत देशभरची माणसे शेजारी शेजारी राहू लागली. कॅथलिक वाचकांना आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९६३ साली भोपाळचे आर्चडायोसीज स्थापन झाले, तेव्हा त्याचे पहिले आर्चबिशप म्हणून युजीन डिसोझा हेही नागपूरहूनच आले. कारकुनांची वाट तीच आर्चबिशपांचीही!

त्या पिढीजवळ एक गोष्ट होती, ती आज एकट्याने जाणाऱ्या तरुणाजवळ नसते. ते सारे एकदम आले होते. एका घरी ताप आला तर शेजारच्या घरून पेज येई. आजचा मुलगा एकटा जातो, आणि वर्षभर शेजाऱ्याचे नावही त्याला ठाऊक नसते.

प्रथम हवेचेच घ्या. वसईच्या बागायतीत वाढलेल्या माणसाला उन्हाळा म्हणजे अंगावरून निथळणारा घाम एवढेच माहीत. भोपाळ समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवर, समुद्रापासून फार दूर. मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि कोरडी झळ, तिकडे तिला लू म्हणतात, दुपारभर वाहते. हवा कोरडी असल्यामुळे घाम येतो तसाच वाळतो. माणसाला वाटते की आपल्याला घाम आलाच नाही, आणि तो पाणी पीत नाही. संध्याकाळी डोके ठणकते, मळमळते, पायांत गोळे येतात. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. कैरीचे पन्हे चिमूटभर मीठ घालून घ्यावे. पोट बिघडून जुलाब सुरू झाले, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पीत राहावे, चमचा चहाचा. उन्हात राबलेला माणूस असंबद्ध बोलू लागला आणि अंग तव्यासारखे तापले, तर मात्र पन्ह्यावर विसंबू नये. अंगावर पाणी ओतून वारा घालावा व ताबडतोब इस्पितळ गाठावे.

थंडीचा धोका वेगळा आहे, आणि किनाऱ्यावरच्या माणसाला तो अजिबात ठाऊक नसतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहा अंशांच्याही खाली उतरतो. मग कोणी कोळशाची शेगडी खोलीत घेतो, दारे-खिडक्या लावतो आणि उबेत झोपी जातो. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, त्याने खोकलाही येत नाही. उत्तर हिंदुस्थानात दर हिवाळ्यात अशी झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत. दोन कांबळी जास्त न्यावीत. शेगडी खोलीत नको.

एप्रिलमध्ये गहू निघाल्यावर रायसेन, विदिशा, सीहोरकडे शेतांतील खुंट पेटवितात, आणि तो धूर शहरावर येतो. हे दुखणे एकट्या भोपाळचे नव्हे. थायलंडच्या उत्तरेस च्यांग माई नावाचे डोंगरांनी वेढलेले सुंदर शहर आहे. तेथे निवृत्तीनंतर राहावयास युरोप-अमेरिकेतून पुष्कळ लोक येतात. पण फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत शेतांच्या व रानांच्या धुराने तेथील हवा इतकी बिघडते की ज्यांना परवडते ते समुद्रकाठी पळतात. ज्यांना परवडत नाही त्यांना तोंड बांधून बसावे लागते. साध्या रुमालाने हा बारीक धूर अडत नाही. त्यासाठी एन-९५ जातीचा मुखपट्टा लागतो. दम्याच्या माणसाने आपले औषध गावाहून निघतानाच बरोबर घ्यावे.

आता भाषेचे. हिंदी आपल्याला येते, असे आपण सारेच समजतो. बाजारहाट त्यावर निभावते. दवाखान्यात मात्र ती दगा देते. आपण 'जुलाब' म्हणतो त्याला तिकडे 'दस्त' म्हणतात. तिकडचा 'जुलाब' म्हणजे पोट साफ करण्याचे औषध! कावीळ म्हणजे 'पीलिया', गोवर म्हणजे 'खसरा', कांजिण्या म्हणजे 'छोटी माता', मूळव्याध म्हणजे 'बवासीर', धाप लागणे म्हणजे 'साँस फूलना'. आणि एका शब्दाने तर धस्स व्हावे. डॉक्टर म्हणतात, 'फेफड़े कमजोर हैं'. मराठी आई ऐकते 'फेफरे', आणि आपल्या लेकाला आकडी येते असे समजून रडू लागते. फेफड़े म्हणजे फुप्फुसे. फेफऱ्याला तिकडे मिरगी म्हणतात.

भोपाळात हा शब्द घरोघरी का झाला, ते जगाला ठाऊक आहे. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि जुन्या शहरावर पसरला. जिवाच्या आकांताने जे धावले त्यांच्या छातीत तो अधिक गेला. ओल्या फडक्याने नाकतोंड झाकावे, हे बहुतेकांना ठाऊक नव्हते. छप्पन्न प्रभागांपैकी छत्तीस वायुपीडित ठरले. पुढे नुकसानभरपाईसाठी दहा लाखांहून अधिक दावे आले. मान्य झाले सुमारे ५ लाख ७४ हजार. नाकारलेले सगळेच कागदाअभावी नाकारले गेले, असे नव्हे. पण त्या रात्री आपण भोपाळातच होतो, हे ज्याला सिद्ध करावयाचे होते, त्या भाडेकऱ्याने, मजुराने, पाहुण्याने काय दाखवावे? ज्याच्या नावे कोणताच कागद नाही, त्याला आपले दुखणेदेखील शाबीत करता येत नाही. आणि ज्यांचे दावे मान्य झाले, त्यांतील बहुसंख्यांच्या हाती प्रथम पंचवीस हजार रुपये पडले.

कारखान्याच्या आवारातील ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला नेऊन त्याच वर्षी जाळण्यात आला. भूगर्भातील पाण्यात जे झिरपले, ते मात्र त्या गाड्यांतून गेलेले नाही. आसपासच्या वस्त्यांना शुद्ध पाणी पुरवावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली दिला होता. म्हणून त्या भागात स्वस्त खोली मिळत असेल, तर भाड्याआधी पाणी विचारावे: नळ महापालिकेचा की कूपनलिकेचा? कूपनलिकेचे असेल तर ते उकळून चालेल, ह्या भ्रमात राहू नये. उकळल्याने जंतू मरतात, रसायने नाहीशी होत नाहीत.

कागदांची गोष्ट निघालीच आहे. आयुष्मान भारत योजनेचे कार्ड २०१८ पासून आहे आणि ते परराज्यातही योजनेत सामील असलेल्या इस्पितळांत चालते. सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांना मुलाकडे नेणार असाल, तर २०२४ पासून त्यांच्यासाठी वेगळे कार्ड निघते. तेथे उत्पन्नाची अट नाही. खोलीचा भाडेकरार तोंडी ठेवू नये. नावानिशी लेखी करावा, मालक कितीही कुरकुरला तरी.

पावसाळ्यानंतरच्या तापाला डेंग्यू समजूनच वागावे. रक्त तपासेपर्यंत पॅरासिटामॉलखेरीज दुसरी वेदनाशामक गोळी घेऊ नये. ॲस्पिरिन व आयबुप्रोफेनने रक्तस्राव वाढू शकतो. इतके शेजाऱ्याला ठाऊक असले तरी पुरे. पण त्यासाठी शेजारी ठाऊक हवा. पहिल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर देवळाच्या अंगणात दहा मिनिटे थांबावे, आणि बाजूच्या बिऱ्हाडात गावाकडचा एखादा नारळ नेऊन द्यावा. सुके बोंबील मात्र विचारून द्यावेत; शेजारी शाकाहारी असू शकतात, आणि वास त्यांच्या ओट्यापर्यंत जातो.

रुग्णवाहिकेचा क्रमांक तिकडेही इकडच्याप्रमाणेच १०८. तो, घरमालकाचा क्रमांक, मुलाचा रक्तगट, आणि वर दिलेले ते सात-आठ हिंदी शब्द एका चिठ्ठीवर लिहून त्याच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून द्या. दुसरी तशीच चिठ्ठी घरी, आईच्या हाताशी असू द्या.